शिकारीचं रिव्हॉल्व्हर: मझल ब्रेक की पोर्टेड बॅरल?

कर्वेरोड_नेमबाज (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

प्रश्न माझ्या मावसभावाचा आहे. पण इथे नेमबाज आहेत, फौजेतून निवृत्त झालेले आहेत, मशीनशॉपवाले आहेत, म्हणून धागा मीच काढते. दादा टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोच्या बाजूला असतो. थंडीत व्हाइटटेल हरणाचा हंगाम आणि एरवी मोकाट डुकरं, असा त्याचा शिकारीचा क्रम. ही डुकरं तिकडे शेतीचं फार नुकसान करतात. खाजगी जमिनीवर मालकाची संमती असली तर २०१९ पासून त्यांच्यासाठी शिकारीचं लायसन्ससुद्धा लागत नाही. आजवर तो रायफल वापरत आला. यंदा हँडगननं शिकार करायची म्हणतोय आणि तीन रिव्हॉल्व्हरांपाशी येऊन अडलाय.

पहिलं रुगर सुपर रेडहॉक, .४४ मॅग्नम, साडेसात इंची साधी नळी. दुसरं टॉरस रेजिंग हंटर, तेही .४४ मॅग्नम, पण नळीला तोंडाजवळ कंपनीतूनच भोकं पाडलेली, म्हणजे पोर्टेड. तिसरं स्मिथ अँड वेसनचं ४६० एक्सव्हीआर, .४६० मॅग्नम, पुढे मझल ब्रेक. कंपनी त्याला कॉम्पेन्सेटर म्हणते.

बंद मचाणातून साठ-सत्तर मीटरवर हरीण आणि पहाटे किंवा तिन्हीसांजेला डुकरांचा कळप, अशी त्याची गरज आहे. मी बालेवाडीला .२२ स्पोर्ट पिस्तूल मारते, तिथे झटका नावालाच असतो, त्यामुळे मॅग्नमबद्दल मी त्याला काही सांगू शकत नाही. ज्यांना माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहा, घाई नाही.

एक आधीच सांगते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी असं माझं ठाम मत आहे. प्रश्न तिथला, तिथल्या कायद्यातला आहे.

---

भोसरी_टूलरूम

ताई, आधी दोन्हींतला फरक स्पष्ट करून घेऊ, कारण लोक ही दोन्ही नावं एकाच अर्थानं वापरतात आणि मग वाद भलतीकडे जातो.

पोर्टिंग म्हणजे नळीच्याच भिंतीत, तोंडापासून थोडं मागे, बहुधा वरच्या अंगाला पाडलेली भोकं. गोळी भोकांच्या पुढे गेली की तिच्यामागचा वायू त्यातून वर उसळतो आणि नळीला खाली दाबतो. म्हणजे पोर्टिंगचं मुख्य काम नळीचं तोंड वर उचलू न देणं. हातात मागे येणारा धक्का त्यानं थोडाच कमी होतो.

मझल ब्रेक नळीच्या पुढे असतो. आट्यांवर बसवलेला सुटा तुकडा असेल नाहीतर नळीसोबतच घडवलेला असेल. त्याच्या आत आडव्या भिंती असतात. गोळी मधल्या भोकातून निघून जाते, मागून येणारा वायू त्या भिंतींवर आदळतो आणि बाजूच्या खिडक्यांतून बाहेर पडतो. भिंतीवर आदळताना तो ब्रेकला, पर्यायानं सगळ्या हत्याराला, पुढे ढकलतो. धक्का खरा कमी होतो तो इथे.

माझ्या कामाशी जोडलेली एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत मिशिगनमध्ये लॅरी केली यांनी १९७० च्या दशकात मॅग-ना-पोर्ट नावानं पोर्टिंगचा धंदा सुरू केला. ते स्वतः हँडगननं शिकार करणारे, त्या वर्तुळात फार मानले गेलेले. त्यांनी भोकं ड्रिलनं न पाडता स्पार्क इरोजननं पाडली, म्हणजे आपल्या भोसरी-चिंचवडच्या टूलरूममध्ये डाय-मोल्डसाठी रोज चालतं तेच ईडीएम. ही पद्धत सोव्हिएत रशियात लाझारेंको दांपत्यानं १९४३ मध्ये काढली. इलेक्ट्रोड धातूच्या तुकड्याला टेकत नाही, मध्ये द्रव असतो, ठिणगीनं धातू कणाकणानं झडतो. त्यामुळे कडेला बर (धातूची उठलेली खरखरीत कड) राहत नाही, नळीवर दाब येत नाही आणि नळीच्या आतल्या पीळदार खाचांवर ओठासारखी कड उठत नाही. ड्रिलनं पाडलेल्या भोकाला आतून बर राहिला तर प्रत्येक गोळी त्यावर घासून जाणार. म्हणून पोर्टेड नळी बघताना 'भोकं कशी पाडली आहेत' हा पहिला प्रश्न विचारायचा.

---

निवृत्त_तोफखाना

भोसरीकरांनी छान मांडलं. मी आकड्यांची बाजू सांगतो, तोफखान्यात आयुष्य गेलं म्हणून ब्रेक हा जिव्हाळ्याचा विषय.

धक्का दोन गोष्टींचा मिळून होतो. एक, पुढे गेलेली गोळी. दोन, तिच्यामागून नळीबाहेर झेपावणारा वायू. गोळीच्या वाट्याला कुठलाही ब्रेक हात लावू शकत नाही, ती गेली म्हणजे गेली. ब्रेक किंवा पोर्ट फक्त वायूच्या वाट्याशी खेळतात. तेव्हा आधी हे बघायचं की आपल्या काडतुसात वायूचा वाटा आहे तरी किती.

.४४ मॅग्नमची नेहमीची गोळी साधारण साडेपंधरा ग्रॅमची, वेग सेकंदाला ४१० मीटरच्या आसपास. संवेग (किलोतलं वजन गुणिले वेग) झाला ६.४. दारू दीड ग्रॅमच्या जवळपास. ती जळून झालेला वायू सेकंदाला ढोबळमानाने १२०० मीटरनं बाहेर पडतो असं धरलं तर त्याचे १.८. एकूण ८.२, म्हणजे वायूचा वाटा पाचव्या हिश्शाहून किंचित जास्त.

.४६० मध्ये गोळी १३ ग्रॅम, वेग ६७०, म्हणजे ८.७. दारू तीन ग्रॅमच्या थोडी आत, म्हणजे वायूचे ३.५. एकूण १२.२. इथे वायूचा वाटा पावाहून जास्त.

आता हत्याराचं वजन घ्या. सुपर रेडहॉक दीड किलो, ४६० दोन किलो. धक्क्याची ऊर्जा काढली तर साधं .४४ मॅग्नम सुमारे २२ ज्यूल आणि ब्रेकशिवाय .४६० सुमारे ३७ ज्यूल. ब्रेकनं वायूचा निम्मा वाटा मारला असं धरू, तर .४६० उतरतं २७ वर. म्हणजे ब्रेक लावलेलं दोन किलोचं .४६० हे बिनब्रेकच्या .४४ पेक्षा तरीही जास्तच मारतं. तुमच्या दादाला 'ब्रेक आहे म्हणजे सोपं जाईल' असं कुणी सांगितलं असेल तर हे आकडे दाखवा.

याचीच दुसरी बाजू म्हणजे .३८ स्पेशलसारख्या हलक्या काडतुसात वायूचा वाटा जेमतेम आठवा हिस्सा. तिथे ब्रेक लावून उगाच लांबी वाढते, हाती काही लागत नाही.

---

कर्वेरोड_नेमबाज

काका, हे अगदी हवं तसं मिळालं. एक शंका. ब्रेक इतका उपयोगी तर रणगाड्याच्या तोफेला का नसतो? खडकीला आणि नगरला पाहिलेल्या रणगाड्यांच्या नळ्या सरळ होत्या, मध्ये फक्त एक फुगवटा.

---

निवृत्त_तोफखाना

तो फुगवटा धूर ओढून घेण्यासाठी असतो, नाहीतर ब्रीच (तोफेचं मागचं दार) उघडल्यावर धूर आतल्या माणसांच्या नाकात जातो. आजचे रणगाडे जो लांब बाणासारखा गोळा मारतात त्याच्याभोवतीचं आवरण नळीबाहेर पडताच सुटून बाजूला जातं. पुढे ब्रेक असेल तर ते त्यात अडकायचं. शिवाय बाजूला फेकलेल्या वायूनं जमिनीवरची धूळ उडते आणि तोफचीलाच लक्ष्य दिसेनासं होतं.

ओढून न्यायच्या तोफेचं गणित वेगळं. बोफोर्सला ब्रेक आहे. आपल्या पाषाणच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेनं विकसित केलेल्या अटॅग्ज तोफेलाही आहे. १५५ मिलिमीटरचा तो धक्का ब्रेकशिवाय झेलायचा तर तोफगाडा किती तरी जड करावा लागेल. आणि तोफेवरच्या माणसांच्या जागा ठरलेल्या असतात, कानांवर संरक्षण असतं, ब्रेकच्या बाजूला कुणी उभं राहत नाही. शिकारीत यातलं काहीच पाळलं जात नाही आणि खरी अडचण तीच आहे. धुळीचा मुद्दा मात्र तुमच्या दादालाही लागू. पालथं पडून किंवा पिशवीवर हात टेकवून मारताना ब्रेक माती-पाचोळा उडवतो आणि जनावर कुठे गेलं ते कळत नाही.

---

कान_नाक_घसा_डेक्कन

काकांनी दार उघडलंच आहे, मी आत येते. कानाकडे लोक सगळ्यात शेवटी बघतात म्हणून जरा विस्तारानं लिहिते.

बंदुकीसारख्या क्षणिक आवाजासाठी १४० डेसिबल ही धोक्याची रेघ मानतात. मॅग्नम हँडगनचा आवाज मारणाऱ्याच्या कानाशी साध्या नळीतूनही १६० च्या घरात जातो. डेसिबलचं मोजमाप सरळ रेषेत चालत नाही, तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. म्हणजे १४० आणि १६० मधलं अंतर वीसचं नसून शंभर पटींचं आहे. साध्या नळीत हा स्फोट मुख्यतः पुढे जातो. ब्रेक तो अडवून बाजूला आणि काही प्रमाणात मागे वळवतो, म्हणजे मारणाऱ्याच्या आणि शेजारी बसलेल्याच्या कानाकडे. आणि हँडगनचं तोंड कानापासून फार तर एक-सव्वा मीटरवर असतं. पोर्ट वर उडवतात, तेही साध्या नळीपेक्षा वाईटच, पण बाजूला फेकणाऱ्या ब्रेकइतकं सहसा नाही.

कानाच्या शंखातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात परत येत नाहीत. एका आवाजानंसुद्धा कायमची शिटी वाजायला लागू शकते, ती रात्री झोपताना सगळ्यात जास्त छळते. पहिला घाव साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास बसतो. त्या वेळी माणसाला वाटतं की मला सगळं ऐकू येतं. आवाज येतोही, पण स, श, फ, त यांच्यातला फरक पुसट होतो आणि घरातले म्हणतात 'लक्ष देत नाही'. माझ्याकडे असे पेशंट वर्षानुवर्षं उशिरा येतात.

शिकारी रेंजवर कानावर मफ घालतो आणि रानात काढून ठेवतो, कारण पाचोळ्याचा आवाज ऐकायचा असतो. दादाला इलेक्ट्रॉनिक मफ घ्यायला सांगा. ते बारीक आवाज वाढवून ऐकवतात आणि धमाका झाला की बंद होतात. ब्रेकवालं हत्यार घेणार असेल तर आत फोमचे बोळे आणि वर मफ, दोन्ही. दोन्ही मिळून संरक्षणाची थेट बेरीज होत नाही, एकट्या मफपेक्षा पाच-दहा डेसिबलचाच फायदा होतो, पण या पातळीवर तेवढ्यानंही खूप फरक पडतो.

माझं मत विचाराल तर शिकारीच्या हत्यारावर ब्रेक नको.

---

सह्याद्री_भटक्या

ताईंनी सुरुवातीलाच खुलासा केला आहे तरी लिहितो. ताम्हिणी-मुळशीकडे हिंडताना रानडुक्कर, भेकर दिसतं तेव्हा मन भरून येतं. जनावर मारायच्या हत्याराची इतकी बारीक चर्चा वाचून त्रास झाला. हे आपल्या संस्थळावर असावं का?

---

कर्वेरोड_नेमबाज

तुमची भावना मला समजते आणि भेकराच्या बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूची आहे. टेक्सासमधली डुकरं मात्र तिथली मूळची नाहीत. माणसानं नेलेली पाळीव डुकरं सुटली, पुढे त्यांत युरोपातली रानडुकरं मिसळली. ती जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी खातात, ओढ्यांचे काठ उकरतात. तिथले वनखात्याचे लोकच त्यांना आवरा म्हणतात. आणि शिकार होणारच असेल तर जनावर एका गोळीत, न तडफडता पडावं. या धाग्यावर आपण नेम हलू नये म्हणून जे बोलतोय ते त्यासाठीच आहे. झटक्याला घाबरून मारलेली गोळी पोटात लागते आणि जनावर दोन दिवस मरत राहतं.

---

हिलकंट्री_मराठी

मूळचा सदाशिव पेठेतला, आता ऑस्टिनजवळ. हँडगननं शिकार करतो म्हणून प्रत्यक्षातलं सांगतो.

बंद मचाणाचा उल्लेख केलात तिथेच अर्धा निर्णय होतो. इथली मचाणं म्हणजे प्लायवुडची खोकी, चारी बाजू बंद, पुढे अरुंद खिडकी. त्यात बसून ब्रेकवालं हत्यार चालवलंत आणि नळीचं तोंड खिडकीच्या आत राहिलं, तर बाजूला फेकलेला सगळा स्फोट भिंतींवर आपटून तुमच्यावरच येतो. डॉक्टरांनी सांगितलेला आकडा खोक्यात आणखी वाढतो. ब्रेक वापरायचाच तर तोंड पूर्ण खिडकीबाहेर हवं, आणि हँडगनला हात लांब करून ते जमवताना बैठक बिघडते. पोर्टेड नळीचं तोंड आत राहिलं तर फवारा छपरावर जातो आणि अंगावर राख पडते, हेही काही सुखाचं नाही.

दुसरं, अंधार. डुकरं तिन्हीसांजेनंतर निघतात. पोर्टेड नळीतून उडणारी ज्वाळा बरोबर पुढच्या माशीच्या (नेम धरायच्या खुणेच्या) दोन्ही बाजूंनी वर येते, म्हणजे थेट नेमाच्या रेषेत. संधिप्रकाशात सरावलेले डोळे त्या झळाळीनं काही क्षण कामातून जातात. कळपावर दुसरी गोळी मारायची म्हणून तुम्ही पोर्ट घेतले, आणि दुसऱ्या गोळीच्या वेळी माशी दिसतच नाही! ब्रेकची ज्वाळा बाजूला जाते, त्या बाबतीत तो बरा.

दिवसाउजेडी मात्र .४४ ला पोर्टचा फायदा हाताला कळतो. नळी कमी उचलते, लक्ष्य नजरेतून सुटत नाही, दुसरी गोळी लवकर जाते. कळपावर हे महत्त्वाचं, हरणावर नाही. हरणाला एक गोळी, ती चुकली तर दुसरी मारायला ते थांबत नाही.

.४६० मी वापरलं आहे. उघड्या माळावर दीडशे मीटरच्या पुढे, दुर्बीण लावून, तिवईवर टेकवून मारायचं असेल तर त्याला तोड नाही, गोळीचा मार्ग फार सपाट. त्या कामाला ब्रेक हवाच, त्याच्याशिवाय ते हत्यार हातात घेऊ नये. पण साठ-सत्तर मीटरच्या मचाणाला ते न्यायचं कशाला? आणि तीन सावधगिऱ्या. रिव्हॉल्व्हरची चकरी (काडतुसं भरायचा फिरता भाग) आणि नळी यांच्यामधल्या फटीतूनही वायू बाहेर पडतो. .४६० मध्ये त्या फटीजवळ अंगठा राहिला तर गंभीर इजा होते, म्हणून पकड चकरीच्या मागेच ठेवायची. ब्रेकच्या किंवा पोर्टच्या जवळ हात, पिशवी, पट्टा काही येऊ द्यायचं नाही. आणि शेजारी माणूस असेल तर त्याला सांगितल्याशिवाय घोडा ओढायचा नाही. आफ्रिकेतले बरेच व्यावसायिक शिकारी ब्रेकवाल्या गिऱ्हाइकावर नाराज असतात ते याच कारणानं, कान त्यांचे जातात.

---

बालेवाडी_ज्युनियर

ताई, आपल्या एअर पिस्तूललाही पुढे भोकांचा तुकडा असतो. तोही ब्रेकच का?

---

कर्वेरोड_नेमबाज

दिसतो तसाच, पण काम वेगळं आहे रे. एअर पिस्तूलमध्ये छर्ऱ्यामागची हवा छर्रा बाहेर पडताना त्याला ढकलून हलवू नये, म्हणून ती आधीच बाजूला काढून टाकतात. नळीची उसळी थोडी शांत होते हा जोडफायदा. मॅग्नमच्या वायूची तुलना त्या हवेशी करता येणार नाही.

---

ओपन_डिव्हिजन_वाकड

परदेशात आयपीएससीचे (वेगवान नेमबाजीचे) सामने जवळून पाहिले आहेत. तिथे ओपन विभागात कॉम्पेन्सेटर असतोच आणि सगळे त्याची स्तुती करतात, म्हणून शिकारीसाठीही तोच घ्यावा असं लोकांना वाटतं. पण तिथे मोजतात सेकंदाचे शतांश, लक्ष्यं ओळीनं, प्रत्येकाच्या कानावर मफ, भर दिवसा. शिकारीत दिवसभरात एखादीच गोळी सुटते. सामन्यातली चांगली वस्तू रानात चांगली ठरेलच असं नाही.

दुसरं सुचवतो. झटका सोसायचा पहिला उपाय वजन आणि मूठ हा आहे. .४४ मॅग्नमच्या चकरीत .४४ स्पेशलही बसतं, त्याचा झटका बराच मऊ. सराव त्यावर करायचा, थोडी मॅग्नम अधूनमधून मिसळायची. हाताला मापात बसणारी रबरी मूठ घ्यायची, घोड्यापर्यंत बोट नीट पोचलं पाहिजे. डोळे मिटायची आणि हात खाली दाबायची सवय एकदा लागली की ती घालवायला फार काळ जातो, आणि ती सवय बहुतेक वेळा झटक्यापेक्षा आवाजानं लागते. त्या हिशेबानं झटका कमी करून आवाज वाढवणारा ब्रेक नवशिक्याला उलटा पडू शकतो.

---

हिलकंट्री_मराठी

वाकडकर, शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. इथे रेंजवर शेजारच्या बाकावर ब्रेकवाला आला की बाकीच्यांच्या गोळ्या लक्ष्यावर विखुरतात, हे दर वेळी दिसतं.

---

नवा_वाचक_हडपसर

भोसरीकर, तुमच्याकडे ईडीएम आहे म्हणता, तर इथे कुणाच्या परवान्याच्या .३२ रिव्हॉल्व्हरला अशी भोकं पाडून मिळतील का? सहज विचारतो.

---

भोसरी_टूलरूम

नाही. आणि कुणी पाडून देतो म्हणाला तर त्याच्यापासून दूर राहा. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ खाली हत्यार बनवणं, त्याचं रूपांतर किंवा दुरुस्ती करणं यासाठी वेगळा परवाना लागतो. साध्या टूलरूमला तो नसतो. मालक आणि कामगार दोघंही अडकतात. शिवाय .३२ मध्ये वायू इतका कमी की भोकं पाडून उपयोगही काही नाही, तोफखानाकाकांनी .३८ चं गणित वर दिलंच आहे.

नळीत भोक पाडणं ही परत न फिरवता येणारी गोष्ट आहे, हे अमेरिकेतल्या दादालाही सांगा. आट्यांवरचा ब्रेक काढून ठेवता येतो. मात्र काढल्यावर किंवा परत लावल्यावर गोळी लागायची जागा सरकते, नेम पुन्हा जुळवावा लागतो. ब्रेक सैल झाला किंवा वाकडा बसला तर गोळी आतल्या भिंतीला घासू शकते, म्हणून दर वेळी हातानं तपासायचा. पोर्टेड नळीत ही भानगड नाही, लांबीही वाढत नाही, म्यान तेच चालतं. दोन्हींचे हे गुण-दोष कारखान्याच्या नजरेतून अगदी साधे आहेत: सुटा भाग म्हटला की जोड आला, जोड आला की तपासणी आली.

आणि दादा शिशाच्या ओतीव गोळ्या वापरणार असेल तर पोर्ट टाळावेत. भोकाच्या कडेवर शिसं खरवडलं जातं आणि साठत राहतं. तांब्याचं आवरण असलेल्या गोळीला हा त्रास फारसा नाही. डुकराच्या खांद्यावर जाड चिवट ढाल असते असं वाचलं आहे, तिथे गोळी कोणती हा प्रश्न ब्रेक-पोर्टपेक्षा मोठा असावा. हिलकंट्रीकर सांगतील.

---

हिलकंट्री_मराठी

बरोबर. मोठ्या नराच्या खांद्यावरची ती ढाल फार चिवट. झटकन फुलणारी हलकी गोळी वर फुटते, आत पोचत नाही. जड, घट्ट बांधणीची गोळी हवी. तिचा वेग कमी असला तरी चालतो, आणि तिथेच पोर्टवरचा आणखी एक आक्षेप निकालात निघतो. लोक म्हणतात भोकांमुळे वेग जातो. भोकं तोंडाजवळ असतात, तोवर गोळीनं जवळपास सगळा वेग घेतलेला असतो. जातो तो किरकोळ, सत्तर मीटरवर जनावराला त्याचा फरक पडत नाही.

दुर्बिणीचं सांगायचं राहिलं. हँडगनची दुर्बीण किंवा रेड डॉट नळीवर पुढे बसवली असेल तर पोर्टमधून उडणारी काजळी पुढच्या काचेवर बसते. काच भोकांच्या बरीच मागे असेल असं बघा.

---

कर्वेरोड_नेमबाज

मंडळी, दादाला हे सगळं वाचून दाखवलं. फोनवर त्याचे आणि माझे बरेच वाद झाले, कारण त्याचं मन ४६० वर होतं. तोफखानाकाकांचे आकडे त्याला पटले, पण हलवलं ते मचाणाच्या मुद्द्यानं. त्याचं मचाण अगदी तसंच प्लायवुडचं आहे, आणि त्यात त्याच्याशेजारी त्याचा पंधरा वर्षांचा मुलगा बसतो. डॉक्टरांचा प्रतिसाद वाचल्यावर ब्रेक बाद झाला.

मग उरली दोन .४४. एका रेंजवर दोन्ही भाड्यानं मिळतात, तिथे तो सूर्य मावळताना मुद्दाम गेला. पोर्टेड टॉरस हातात जास्त शांत राहिलं, हे त्यानं मोकळेपणानं सांगितलं. पण उजेड कमी झाल्यावर माशीच्या दोन्ही बाजूंनी उठणारी ज्वाळा बघून त्यानं ठरवलं की साधी नळीच घ्यायची. रुगर घेतोय, जरा मोठी रबरी मूठ बसवून. वर्षभर .४४ स्पेशलवर सराव करायचा, हंगामात जड गोळीचं मॅग्नम. अंधारातल्या डुकरांसाठी रायफलच. पुढे वाटलंच तर ईडीएमवाल्याकडून पोर्ट पाडून घेता येतील, तो मार्ग उघडा राहतो. पोर्टेड घेतलं असतं तर उलटं करता आलं नसतं.

माझ्या मनाला सगळ्यात बरं वाटलं ते म्हणजे त्यानं मुलासाठीही इलेक्ट्रॉनिक मफ मागवले.

---

कान_नाक_घसा_डेक्कन

फार चांगलं केलं. मुलाच्या मफचं माप त्याच्या डोक्याला बसतंय ना ते बघा. चष्मा असेल तर काडीखाली फट राहते, तिथे आत बोळे हवेतच. आणि एकदा दोघांचा ऑडिओग्राम (ऐकण्याच्या चाचणीचा आलेख) काढून ठेवा, पुढे तुलनेला उपयोगी पडतो.

---

निवृत्त_तोफखाना

दादाला शुभेच्छा. मला मात्र अजून वाटतं की दिवसा कळपामागे पायी जाणाऱ्याला पोर्टेड .४४ च योग्य. मचाण नसेल, अंधार नसेल, तर साध्या नळीपेक्षा ते सरस, हे या धाग्यात नोंदलेलं राहू द्या.

---

ओपन_डिव्हिजन_वाकड

नोंदवलं काका, आणि मान्य.

हिलकंट्रीकर, ज्यांच्याकडे पोर्टेड नळी आधीच आहे त्यांच्यासाठी साफसफाईचं सांगाल का? अमेरिकेतल्या एका मित्राची तक्रार आहे की भोकं काळी होऊन अर्धी बुजतात.

---

हिलकंट्री_मराठी

बुजेपर्यंत थांबायचंच नाही. रेंजवरून आल्यावर हत्यार रिकामं असल्याची खात्री करून चकरीची सगळी घरं बघायची, मग भोकांवर सॉल्व्हंट सोडून पंधरा-वीस मिनिटं मुरू द्यायचं. नायलॉनचा ब्रश बाहेरून, आणि नळीतला ब्रश आतून. कोपऱ्यात कडक काजळी उरली तर लाकडी काडी किंवा पितळी टोक चालतं, पोलादी सुई नको, ती कडेला ओरखडा पाडते. काळा डाग राहिला तरी बिघडत नाही, भोकाचा आकार मोकळा असला की काम होतं. शेवटी कोरड्या कापसाचा बोळा आतून भोकांवरून हळू फिरवायचा. कापसाचे तंतू कुठे अडकले तर तिथे शिसं चिकटलंय किंवा कड उठली आहे. शिसं असेल तर पुन्हा सॉल्व्हंट. कड उठली असेल तर कानस स्वतः लावायची नाही, ज्यानं पोर्ट पाडले त्याच्याकडेच पाठवायचं.